अंमलबजावणी बाकी

वसुधा,

मागल्या आठवड्यात, शनिवारी, तुझी क्योतोची खोली आवरायला गेलो होतो. तू गेल्याला त्या दिवशी सतरा दिवस झाले होते. तुझा भाऊ नाशिकहून आला आहे. इथे कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, कागदांचे गठ्ठे दोरीनं कसे बांधायचे, यातलं त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नाही. त्यामुळे तो एकेक कागद माझ्यापुढे धरायचा आणि मी "ठेव" किंवा "टाक" म्हणायचं, असा सकाळभर आमचा उद्योग चालला होता. जुनी कॅलेंडरं टाक. कोरियन शिकायच्या वह्या ठेव. मला हळूहळू त्यात मजाही वाटू लागली होती, खोटं कशाला बोलू. मग त्यानं एक पातळ निळी फाइल पुढे केली. वर तुझ्या अक्षरात "मंडळ" एवढंच लिहिलेलं. आत दोन पानं. दुसऱ्या पानाच्या तळाशी तुझी सही, तिच्याखाली "अंमलबजावणी :" आणि त्यापुढे कोरी जागा.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"ठेव," मी म्हणालो आणि पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

त्या दोन पानांत माझ्याविरुद्धचा निकाल आहे. तू दिलेला. मी "मान्य" लिहून त्यावर सही केली आणि दीड वर्ष तो पाळला नाही. आता तुझ्याबद्दल लिहायला बसलोय तर लोकांची अपेक्षा अशी की, तुझ्या हसण्याबद्दल लिहावं, हुशारीबद्दल लिहावं, किती लवकर गेलीस ते लिहावं. ते येईल तसं येईल. तू असतीस तर म्हणाली असतीस, हेमंत, प्रस्तावना पुरे, मुद्द्यावर ये.

आपली ओळखच मुळी वादातून झाली. पुण्याच्या कोर्टात दहा-बारा वर्षं वकिली करून, चाळिशीला टेकल्यावर सगळं गुंडाळून तू पीएचडीसाठी क्योतोला आलीस, तेव्हा आमच्या कोबेच्या मराठी मंडळात तुझी भरपूर चर्चा झाली होती. विषय काय, तर न्यायालयं राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेला लगाम कसा घालतात. संक्रांतीच्या कार्यक्रमात हातात पोह्यांची बशी घेऊन मी तुला चिडवलं. "अहो मॅडम, जपानमध्ये राष्ट्राध्यक्ष नसतोच. तुम्ही चुकीच्या स्टेशनवर उतरलात."

"दोन घरांचं भांडण नीट बघायचं असेल तर तिसऱ्याच्या ओट्यावर बसावं," तू म्हणालीस. "आणि आपण कोण?"

"मी मंडळाचा अध्यक्ष."

"अरे वा! म्हणजे प्रयोगाला नमुना घरातच आहे."

शीतल, माझी बायको, त्यावर इतकी हसली की तिचे पोहे सांडले. त्या दिवसापासून "अहो" संपलं. महिन्यातून एखाद्या रविवारी तू गाडीनं कोबेला यायचीस, आमच्याकडे वरणभात जेवायचीस आणि जेवण उरकलं की आपण भांडायला बसायचो. शीतल म्हणायची, "तुमची सुनावणी चालू द्या, मी जरा पडते."

माझं म्हणणं सरळ होतं. कोट्यवधी लोकांनी एका माणसाला निवडून दिलं. त्यानं काम करायला घेतलं, की कुठल्या तरी गावातला एक न्यायाधीश, ज्याला कोणीही निवडून दिलेलं नाही, उठतो आणि एका सहीनं सगळं थांबवतो. माझ्या ऑफिसात असं चाललं तर एकही सॉफ्टवेअर रिलीज वेळेवर जाणार नाही. अमेरिकेच्या बातम्या तेव्हा रोजच्या होत्या. राष्ट्राध्यक्ष आदेश काढतोय, जिल्ह्याचं कोर्ट स्थगिती देतंय, वरचं कोर्ट ती कधी उठवतंय, कधी ठेवतंय. मी म्हणायचो, हा काय पोरखेळ आहे!

तू कधी आवाज चढवला नाहीस, आणि त्यानंच मी जास्त चिडायचो. "कोर्ट त्याला वाईट म्हणत नाही रे," तू म्हणायचीस. "ते एवढंच विचारतं, हे करायचा अधिकार तुला कोणी दिला, दाखव. दाखवता आला तर कर." वरच्या कोर्टानं राष्ट्राध्यक्षाच्या बाजूनं कौल दिला तरी तू तितक्याच उत्साहानं तो वाचायचीस. प्रत्येक वेळी अडवलंच पाहिजे असं थोडंच आहे, विचारलं गेलं पाहिजे, असं तुझं म्हणणं. आपल्याकडे राष्ट्रपती राजवट लावून राज्य सरकारं घरी पाठवली जायची, आणि ते बरोबर की चूक हे कोर्ट तपासू शकतं हे ठरायला किती वर्षं लागली, याच्यावर तू मला एकदा भांडी घासता घासता तासभर शिकवलंस. भांडी मी घासत होतो.

आणि हरल्यावर कसं वागायचं हेही तूच दाखवलंस. तुझी सायकल क्योतोच्या नगरपालिकेनं उचलून नेली होती, नको तिथे लावली म्हणून. तू चार पानी जपानी अर्ज लिहिलास की तिथे पाटीच नव्हती. तिथल्या अधिकाऱ्यानं तो उभ्यानं पूर्ण वाचला, वाकून नमस्कार केला आणि नाही म्हणाला. तू पण वाकलीस, दंड भरलास, सायकल घेऊन आलीस. मला वाटलं, आता तू तणतणशील. तू म्हणालीस, "मला पटलेलं नाही. पण त्यानं माझं ऐकून घेतलं ना? मग आता माझी पाळी." मी तुला वेड्यात काढलं होतं.

मंडळाची नियमावली लिहायची ठरली तेव्हा सगळ्यांनी ते काम तुझ्या गळ्यात मारलं. तू त्यात एक कलम घातलंस. अध्यक्षाच्या निर्णयानं कोणावर अन्याय झाला असं वाटलं, तर त्यानं पंचाकडे जावं. पंचानं दोघांचं ऐकावं. पंच जे सांगेल ते अध्यक्षानं पाळावं. मी हसत सही केली. चाळीसएक कुटुंबांचं मंडळ, गणपती, दिवाळी आणि शनिवारचा मुलांचा मराठीचा वर्ग. यात अन्याय व्हायला आहे काय? पंच म्हणून तुलाच नेमलं, कारण तू क्योतोत राहणारी, कोबेतल्या कुठल्याच कंपूत नसलेली. तेव्हा मला ती सोय वाटली होती.

मग तो गणपती आला. आपण दरवर्षी घेतो तो वॉर्डाचा हॉल, दीड दिवसाची शाडूची मूर्ती, हॉलमध्येच मोठ्या टबात विसर्जन. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी हॉलच्या व्यवस्थापकांचा मला ऑफिसात फोन आला. हॉलच्या मागच्या ओढ्यात फुलं, हार, सुपाऱ्या आणि एक नारळ तरंगत होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. ते इतक्या मऊ भाषेत बोलत होते की मला घाम फुटला. इथे आवाज जितका मऊ तितकं प्रकरण गंभीर. मी फोनवरच वाकून वाकून माफी मागितली. समोरचा सहकारी माझ्याकडे बघत होता. पुढच्या वर्षी हॉल देण्याबाबत विचार करावा लागेल, असं ते शेवटी म्हणाले.

निर्माल्य प्रशांतनं सोडलं होतं हे चौघांनी पाहिलं होतं. प्रशांत आपल्यातला गरीब माणूस, म्हणजे स्वभावानं. दुसऱ्या कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे, सभेत कधी तोंड उघडत नाही, खुर्च्या उचलायला मात्र सगळ्यांत आधी. मी संध्याकाळी घरी जाताना गाडीत उभ्याउभ्या ग्रुपवर लिहिलं, "आजच्या घटनेमुळे प्रशांत आणि कुटुंबाला मंडळातून विथ इमिजिएट इफेक्ट सस्पेंड करण्यात येत आहे. अध्यक्ष." आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. अंगठे वर केलेली बरीच चित्रं आली. मला बरं वाटलं. घरी पोचेपर्यंत तुझा फोन आला.

"त्याला विचारलंस?"

"काय विचारायचं? लोकांनी बघितलंय."

"त्याला विचारलंस का, एवढंच विचारतेय मी."

"वसुधा, हॉल जातोय आपला! इथे डिसिजन घ्यायला लागतो. तुझ्यासारखं वर्षभर तळटीपा लिहीत बसलो तर झालंच."

"त्यानं माझ्याकडे अर्ज केलाय," तू म्हणालीस. "रविवारी अकरा वाजता. ये."

सुनावणी कुठे घ्यायची, तर स्टेशनासमोरच्या साध्या रेस्टॉरंटात, जिथे एकदा पैसे दिले की चहा-सरबत हवं तेवढं पिता येतं. तू मला आणि प्रशांतला एकाच बाकावर शेजारी शेजारी बसवलंस आणि स्वतः समोर बसलीस. मी म्हणालो, निदान वेगळं तरी बसव. तू म्हणालीस, "दोघंही माझ्याकडे बघून बोला. एकमेकांकडे बघितलंत की भांडाल." त्याची बायको मानसी पलीकडच्या टेबलावर आठ वर्षांच्या सईला घेऊन बसली होती. आधी प्रशांत बोलला, मग मी. मग तू मानसीला विचारलंस, तुला काही सांगायचंय का. ती म्हणाली की, शनिवारच्या वर्गात मुलांनी सईला घेरलं आणि तुझ्या बाबांनी नदीत कचरा टाकला म्हणून ऐकवलं. जपानीतून. आपल्याकडे पोरं असं काहीबाही बोलतात आणि विसरतात. इथे शाळेत पहिलीपासून कचऱ्याचे धडे असतात. सईला ते कोणी चोर म्हटल्यासारखं लागलं होतं. ती वर्गाला जाणार नाही म्हणून हटून बसली होती.

तू निकाल हातानं लिहिलास, तिथेच, दोन तास लावून. आम्ही तिघं सरबत पीत होतो. मग शेजारच्या चोवीस तास उघड्या दुकानात, कोंबिनीत जाऊन तिथल्या यंत्रावर प्रती काढल्यास. एक मला, एक प्रशांतला, मूळ तुझ्याकडे. निलंबन रद्द, कारण त्याचं ऐकून घेतलं नाही, आणि असं निलंबन करायचा अधिकार नियमावलीत अध्यक्षाला दिलेलाच नाही. त्याला ग्रुपमध्ये परत घ्यायचं. आणि शेवटी आदेश असा की, हा निकाल अध्यक्षानं पुढच्या सभेत, सर्व कुटुंबांसमोर, मुलं हजर असताना, स्वतःच्या आवाजात पूर्ण वाचून दाखवावा.

"मान्य?" तू विचारलंस.

"मान्य," मी म्हणालो. तसंच लिहून सही केली.

ग्रुपमध्ये परत घ्यायला एक बटण दाबायचं होतं. ते दाबलं, काही न बोलता. चार दिवसांनी प्रशांत आपणहून बाहेर पडला. दिवाळीच्या सभेत वेळ कमी होता. संक्रांतीला हॉलचे व्यवस्थापक स्वतः आले होते, त्यांच्यासमोर जुनं उकरून काढायला नको वाटलं. मग मुलांच्या परीक्षा होत्या. तू दर वेळी विचारायचीस आणि मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या सभेत नक्की. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच. मी एकदाही नाही म्हणालो नाही. वेळ मारून नेण्यात प्रोजेक्ट मॅनेजरचा हात कोण धरणार?

त्याच काळात ती कोरियाची सकाळ आली. मी कामासाठी क्योतोत होतो आणि तू मला विद्यापीठाजवळच्या कॉफीच्या दुकानात बोलावून घेतलंस. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होतास. पडद्यावर घटना न्यायालय होतं. देशावर लष्करी कायदा पुकारणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचा निकाल. मला एक अक्षर कळत नव्हतं, तू थांबत थांबत सांगत होतीस. न्यायमूर्ती इतक्या शांतपणे वाचत होते, जणू शाळेत हजेरी चालली आहे. त्या माणसाच्या हुकमावर सैनिक संसदेत शिरले होते. इकडे आठ माणसं आणि एक कागद. कागद वाचून झाला आणि तो राष्ट्राध्यक्ष राहिला नाही.

माझ्या अंगावर काटा आला, हे तुला तेव्हा सांगितलं नाही. मी म्हणालो, "आणि त्यानं खुर्ची सोडलीच नाही तर?"

"तेच माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आहे," तू म्हणालीस. "कोर्टाकडे ना पोलीस, ना सैन्य. निकाल लागला की त्याच्यापुढे माणसांची रांग असते. कारकून, सचिव, पहारेकरी, आणि शेवटी तो स्वतः. यांच्यातल्या प्रत्येकानं पाळला तर निकाल, नाहीतर रद्दी." आणि मग तू माझ्याकडे बघितलंस. मी कॉफी ढवळली. त्यात साखर घातलेली नव्हती.

काही दिवसांनी तुझा फोन आला, "त्यानं निवासस्थान सोडलं रे!" तुझा आवाज इतका आनंदी मी क्वचितच ऐकला होता. निकालाच्या दिवशी तू एवढी खूश नव्हतीस.

पुढचा गणपती प्रशांतशिवाय झाला. खुर्च्या उचलायला माणसं कमी पडली. त्यानंतर तुझी दुखणी सुरू झाली, आणि तू ती आमच्यापासून जितकी लपवता येतील तितकी लपवलीस. हॉस्पिटलात मी आणि शीतल आलो तेव्हा तुला बोलताना धाप लागत होती. शीतल संत्री सोलत होती. तू मला विचारलंस, "पाडव्याची सभा ठरली का?"

तू कशाबद्दल विचारते आहेस हे मला लख्ख कळलं होतं. मी म्हणालो, "आधी तू बरी हो. सभा काय, होत राहतात."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "हेमंत, तू मला एकदाही नाही म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर भांडले असते."

शीतलनं संत्र्याची फोड तुझ्या हातात दिली आणि विषय बदलला. मी खिडकीबाहेर बसथांब्यावरची रांग बघत राहिलो. तिथेच, त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, वसुधा, या सभेत वाचतो, शब्द देतो. दोन वाक्यं होती. ती मी गिळली, आणि याची लाज मला आयुष्यभर पुरेल. दहा दिवसांनी तू गेलीस. शेवटचं प्रकरण अर्धंच राहिलं. तुझे प्राध्यापक म्हणाले की, आहे तेवढंही उत्तम आहे. असेल. पण आदेश पाळतं कोण, या प्रश्नावर येऊन ते थांबलंय, आणि न पाळणारा एक माणूस तुझ्या फायली बांधत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी प्रशांतकडे गेलो. फोन न करता. फोन केला असता तर तो नको म्हणाला असता आणि मला ते निमित्त हवंच होतं. मानसीनं दार उघडलं. "दारे?" सईनं आतून विचारलं, कोण आलंय म्हणून. मानसी दारातून बाजूला सरकली.

प्रशांतनं मला बसायला सांगितलं, चहा दिला. मग म्हणाला, "दीड वर्ष लागलं दादा तुम्हाला. वसुधाताई गेल्यावर आलात."

"हो," मी म्हणालो.

"मी सभेला येणार नाही. त्या सगळ्यांसमोर बसायची मला इच्छा नाही आता."

"तू आला नाहीस तरी मी वाचणार आहे."

"वाचा. तो तुमचा आणि ताईंचा प्रश्न आहे."

मी उठलो. तो स्टेशनापर्यंत सोडायला आला नाही, आणि त्यानं यावं असं मला वाटतही नव्हतं. पण परत येताना माझं डोकं बऱ्याच दिवसांनी साफ होतं. माफ करतील म्हणून आदेश पाळायचा नसतो, एवढं मला त्या वीस मिनिटांच्या वाटेत कळलं. तुला हे सांगायला मी खिशातला फोनही काढला होता.

काल पाडव्याची सभा झाली. कार्यक्रमपत्रिकेत पहिला विषय मीच घातला होता. आपले सचिव त्याआधी मला बाजूला घेऊन गेले. काळजीनंच बोलत होते. "अध्यक्ष, कशाला आता? निकाल देणाऱ्या बाई राहिल्या नाहीत. ज्याच्यासाठी दिला तो यायला तयार नाही. सणाचा दिवस आहे. आणि पंचाचं ते कलमच काढून टाकू म्हणतायत बरेच जण, तशी गरज काय आपल्याला?"

सहा महिन्यांपूर्वी मी त्यांना चहा पाजला असता. काल म्हणालो, "पंच गेली म्हणून निकाल जात नाही. तसं असतं तर न्यायाधीश मरायची वाट बघत बसले असते सगळे अध्यक्ष. आणि कलम निघणार नाही. आज नवा पंच निवडायचा. तो निवडेपर्यंत मी एकाही कागदावर सही करणार नाही, हॉलच्या अर्जावरसुद्धा." आपला जुना वाद मी तुझ्या बाजूनं भांडत होतो, आणि कौतुक करायला तू नव्हतीस. रडू येईल म्हणून मी भराभर व्यासपीठावर गेलो.

मुलांना पुढे बसवलं. माईक नको म्हटलं. तुझं अक्षर वाचायला सोपं आहे, तरी पहिल्या परिच्छेदात दोनदा अडखळलो. ऐकून घेतले नाही. अधिकार नाही. निलंबन रद्द. अगदी "वाचून दाखवावा" या शब्दांपर्यंत वाचलं आणि कागदाची घडी घातली. मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून मानसी उभी राहिली. ती आणि सई कधी येऊन बसल्या, मी पाहिलंच नव्हतं. प्रशांत बरोबर नव्हता. तिच्या हातात तुझी ती कोंबिनीतली प्रत होती.

"दादा," ती म्हणाली, "तिसरा परिच्छेद राहिला."

राहिला नव्हता, वसुधा. मी गाळला होता. वर या लेखातही गाळलाय, तुझ्या लक्षात आलंच असेल. दीड वर्ष मला सभेत उभं राहायची भीती नव्हती. निलंबन चुकलं हे मान्य करायलाही मी तयार होतो, त्यात फक्त अध्यक्षाची घाई दिसते. तो एक परिच्छेद नको होता. विसर्जनाच्या संध्याकाळी प्रशांत निर्माल्याची पिशवी घेऊन माझ्याकडे आला होता. "दादा, याचं काय करू? जाळायच्या कचऱ्यात कसं टाकायचं, देवाचं आहे." साफसफाईची यादी मी केली होती. बाटल्या, पुठ्ठे, ओला कचरा, सगळ्यापुढे नावं होती, निर्माल्य मी विसरलो होतो. मी फोनवर होतो. हातानंच उडवून लावलं, "अरे, सोड की मागे वाहत्या पाण्यात." त्यानं सोडलं. सुनावणीत त्यानं हे सांगितलं तेव्हा मी तुला म्हणालो की मला आठवत नाही. मला आठवत होतं. व्यवस्थापकांचा फोन आला तेव्हाच आठवलं होतं. म्हणून तर त्याला विचारायचं नव्हतं, म्हणून तर आधी ग्रुपमधून काढला. विचारलं असतं तर त्यानं चारचौघांत उत्तर दिलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं असंही मला वाटतं.

मी घडी उलगडली आणि वाचलं. "निर्माल्याचे काय करावे, हे सदस्याने अध्यक्षांना विचारले होते. अध्यक्षांनी ते वाहत्या पाण्यात सोडण्यास सांगितले. सदस्याने सांगितल्याप्रमाणे केले. चूक अध्यक्षांची आहे." माझा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला होता की पहिल्या रांगेपलीकडे तो गेला असेल असं वाटत नाही.

मानसी बसली नाही. "परत वाचा," ती म्हणाली. "सईला ऐकू आलं नाही."

सई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी कागद टेबलावर ठेवला.

"सई," मी मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या बाबांनी मला विचारलं होतं. मीच त्यांना सांगितलं, पाण्यात सोड. चूक माझी होती." मग पुढे बसलेल्या मुलांकडे वळलो आणि तेच सगळं जपानीत सांगितलं, कारण त्यांनी तिला जे ऐकवलं होतं, ते जपानीत ऐकवलं होतं.